दुसऱ्या हाफचं पाणी

प्रिय चिकट्या,

सकाळपासून हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींचे बोळे करून गवत कापायच्या मशीनखाली टाकले. फोनच करणार होतो, पण फोनवर मी कसे फाटे फोडतो ते तुला ठाऊक आहे. तब्येत, हवा, वहिनींचा गुडघा, सगळं बोलून होतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते. म्हणून इथे मैदानामागच्या अवजारांच्या खोलीत, खताच्या पोत्यावर बसून लिहितोय. दोन ओळी झाल्या की उठतो, दारापर्यंत जातो, उगाच नळ घट्ट आहे का बघतो, परत येतो. उद्या अकरा वाजता चौकशी समितीने मला बोलावलंय. त्याआधी तुझ्याशी बोललो नाही तर मला चैन पडायची नाही.

तिकडच्या पेपरात किती आलंय कोण जाणे. आमच्या क्लबातल्या एका जुन्या खेळाडूने मुलाखतीत सगळं सांगून टाकलं. मोठा सामना असला की हाफटाइमला मैदानाच्या एकाच टोकाला पाणी मारायचं. कुठल्या? तर दुसऱ्या हाफमध्ये पाहुण्यांचा गोलकीपर जिथे उभा राहणार, त्या. आमच्या पोरांना आत गुपचूप लांब खिळ्यांचे, ओल्यात न घसरणारे बूट घालायला लावायचे आणि पाहुण्यांना पत्ताच नाही. नियम असा की पाणी मारायचं तर अख्ख्या मैदानावर, आणि दोन्ही संघांना सांगून. लोकांनी पाणी उडताना बघितलं होतं रे, सगळ्यांदेखत उडत होतं! पण हाफटाइमला माणूस चहाच्या रांगेत असतो, नळ मोजत बसत नाही.

आता आमच्या न्हाव्याच्या दुकानात काय चाललंय, विचारूच नकोस. आरशावर त्याने नऊ वर्षांपूर्वी, आम्ही कप जिंकला तेव्हा, लाल रंगात लिहून घेतलं होतं, ‘दुसरा हाफ आमचा!’ त्यावर आता टॉवेल वाळत घातलाय. पण न्हावी हटायला तयार नाही. सगळेच क्लब करतात, आपले पकडले गेले एवढंच, असं म्हणत परवा त्याने एका गिऱ्हाइकाचा कल्ला कानाच्या वर नेऊन ठेवला. निवृत्त पोस्टमन म्हणतो, कप परत द्या आणि माफी मागा. चाळीस वर्षं दुसऱ्याचं पत्र उघडलं नाही म्हणून तो आता सगळ्या गावाला शिकवतो. शेजारची बेकरीवाली हातातलं पीठ झटकत आत आली आणि म्हणाली, नुसत्या पाण्याने जिंकता येत असतं तर मासे चॅम्पियन झाले असते, गोल आपल्या पोरांनीच मारले ना? सगळे हसले. पोस्टमन उठून चालता झाला. दाढीचा साबण तोंडाला तसाच! दुसऱ्या दिवशी परत आला म्हणा, जाणार कुठे? पण तो आणि न्हावी एकमेकांकडे बघत नाहीत. मी कोपऱ्यात जुनं मासिक उलटं धरून बसलो होतो. न्हाव्याने विचारलं, तू तर आतला माणूस, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला कामं आहेत. आणि केस न कापताच निघालो.

खरं सांगू, त्या सगळ्या भांडणात मला एकच गोष्ट खुपते. कोणी तुझं नाव घेत नाही. त्याच कपची सेमीफायनल, पाहुण्यांच्या गोलमध्ये तू, ब्याऐंशीवं मिनिट, जमिनीलगत आलेला साधा चेंडू, आणि तू झेप घेताना पाय सटकून आडवा. तुझ्या क्लबने पुढच्या मोसमात तुला घेतलं नाही. इथे लोकांनी तुझं ‘घसरगुंडी’ नाव पाडलं, आणि अजूनही दुकानाच्या पायरीवर कोणी घसरलं की तेच ओरडतात. ज्या माणसाच्या हाताला चेंडू चिकटायचा म्हणून शाळेच्या भिंतीमागे मी तुला चिकट्या म्हणायला लागलो, त्या माणसाला! कप परत द्यायचा की नाही यावर आठवडाभर घसा कोरडा करतात, पण तू आज रंगाच्या दुकानात डबे हलवतोस त्याचं काय, हे एकाही शहाण्याला सुचत नाही.

तुला ती सकाळ आठवते ना? तू संघाच्या बसमधून उतरलास आणि आत जायच्या आधी मला शोधत इथे आलास. ह्याच खोलीत. आपण किती वर्षांनी भेटत होतो, आणि तू मिठी मारून पहिला प्रश्न काय विचारलास, तर, गवत्या, जमीन कशी आहे? गोलकीपर माळ्यालाच विचारणार, त्यात नवल नाही. मी तुला घेऊन दोन्ही टोकांना गेलो, टाचेने माती दाबून दाखवली. कोरडी आहे, आखूड खिळ्यांचे बूट घाल, म्हणालो. ते शंभर टक्के खरं होतं रे. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं, आईशपथ.

आता सगळे मुकादमाचं नाव घेतात. मुकादम म्हणजे आमचा हेडमाळी, दोन वर्षांपूर्वी गेला. क्लबच्या मॅनेजरने मला एक टाईप केलेला कागद दिलाय. नळांची किल्ली नेहमी मुकादमाकडेच असायची, आम्हा बाकीच्यांना काही माहीत नव्हतं, असं त्यात आहे. खाली माझी सही हवी. गेलेला माणूस उठून भांडायला येत नाही, तेव्हा सगळ्यांचीच सोय. चार दिवस तो कागद खिशात घेऊन फिरतोय. बायकोने धुण्याआधी खिसा तपासला, कागद वाचला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारण हे पहिल्यांदा करायला सांगितलं त्या सेमीफायनललाच मुकादमाने किल्ली टेबलावर आपटली होती. मी माळी आहे, चोर नाही, असं मॅनेजरच्या तोंडावर म्हणाला आणि हाफटाइमच्या आधीच घरी निघून गेला. किल्ली तिथेच पडली होती. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मला कोणी धमकावलं नाही, चिकट्या, काही लालूचही दाखवली नाही. मला कप हवा होता! लहानपणापासून ह्या क्लबसाठी ओरडत आलो, आणि क्लबने एकदाही काही जिंकलं नव्हतं. तीन नंबर आणि चार नंबरचा नळ मी उघडला. पाच मिनिटं. आणि तू पडलास तेव्हा बाकीच्या वीस हजार लोकांबरोबर मीही उडी मारली. आनंदाने मारली. तू अजून जमिनीवरच होतास.

उद्या मी सही न केलेला कागद समितीपुढे ठेवणार आहे आणि नळ कोणी उघडला ते सांगणार आहे. नोकरी जाईल, न्हावी बहुतेक माझे केस कापणार नाही, आणि मुकादमाच्या बायकोपुढे कसा उभा राहू ते अजून कळत नाही. पण हे सगळं तू पेपरात वाचशीलच, त्यासाठी पत्र लिहायला नको होतं. समिती मला नळांचं विचारेल. एक गोष्ट कोणीच विचारणार नाही, कारण ती तुला आणि मलाच माहीत आहे. दुसऱ्या हाफला तू सगळ्यांच्या आधी गोलपाशी आलास. मी दहा पावलांवर उभा होतो, किल्ली पाठीमागे धरून. तू पाय उचलून मला बुटाचा तळ दाखवलास आणि भुवया उंचावल्यास. म्हणजे, हेच चालतील ना? बूट बदलायला तुला अजून वेळ होता. आणि मी मान डोलावली. त्यानंतर पेपरवाल्यांनी तुला खोदून खोदून विचारलं, आणि तू प्रत्येकाला एकच सांगितलंस की बुटांची निवड माझी होती, चूक माझी. माझी नोकरी जाऊ नये म्हणून तू गप्प राहिलास. तुला वाटलं, गवत्याचा अंदाज चुकला. चुकला नव्हता रे.

तुझाच म्हणवून घ्यायचं की नाही, ते तूच ठरव.

गवत्या