पूर्वपक्ष आणि पुडाची वडी

पांढुर्णा, १८ ऑक्टोबर १९५६, गुरुवार

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि आठ दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. वाद अजिबात घालायचा नाही, म्हणाले. मी वाद घालीत नाही, केवळ दुसऱ्याच्या विधानातील दोष दाखवतो, हा भेद त्यांना पाऊण तास समजावून दिला. अखेर त्यांनी तो मान्य केला. बाहेर पेशंट ताटकळले होते, परंतु त्याचा या मान्यतेशी संबंध नाही.

निर्णय: नागपूर. प्रतिज्ञा अशी की तेथे विश्रांती मिळेल. हेतू: तेथे स्नेही आहेत. उदाहरण: निवृत्तीनंतरच्या नऊही वर्षांची दिवाळीपूर्व सुट्टी. मुक्काम सेक्रेटरिएटमधले हेडक्लार्क यशवंतराव यांच्याकडे. एक जेवण रघुनाथरावांकडे (हेही त्याच कचेरीतले). विजयाबाई (यशवंतरावांचे कुटुंब) यांच्या हातचा वडाभात, पाटवडीचा रस्सा आणि रविवारी पुडाची वडी. दुपारी झोप. सायंकाळी महाराजबाग. वाद शून्य.

सौ. म्हणाली, "तिकडे लोकं भोपाळले जायासाठी बिऱ्हाडं बांधून राहिले, न तुम्ही जेवाले चालले." तिला सांगितले की राज्यपुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला जाणार ती एक तारखेला आणि आज अठरा आहे. शिवाय पांढुर्णा-सौंसरचा भाग नागपूरपासून तोडणे अयुक्तिक ठरते, असे अकरा पानी निवेदन मी फेब्रुवारीतच धाडले आहे. उत्तर आलेले नाही. म्हणजे त्यांना प्रतिवाद सुचलेला नाही.

१९ ऑक्टोबर, नागपूर. सायंकाळी

प्रवास शांततेत. नरखेडपर्यंत मौन. नरखेडला समोरचा कापसाचा दलाल म्हणाला, "आता नागपूर काही आपलं राहिलं नाही." त्याला फक्त 'आपलं' या शब्दाची व्याख्या विचारली. तो काटोलला उतरला. तिकीट नागपूरचे असावे असे वाटत होते.

संत्र्यांची करंडी विजयाबाईंना दिली. गल्लीत खोकी, सुतळ्या, बैलगाड्या. क्वार्टरे रंगवायची असावीत.

वडाभात उत्तम. विश्रांती सुरू झाली.

२० ऑक्टोबर. दुपारी

रघुनाथरावांकडे जेवण. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मला बसण्यास देवांचे खोके दिले, हा मानच होय. भांडी बांधलेली, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदावर चिवडा. एखादे पातेले काढावे असे मी सौम्यपणे सुचवले. त्यांनी एक पेटी उघडली, त्यात जोडे निघाले.

रघुनाथराव म्हणाले, "पंत, ही दोरी जरा धरता का?" गाठ कशी घालावी याचे दोन प्रकार त्यांना सांगितले. दोरी त्यांच्या मुलीने धरली.

घरी परतताना भूक लागली होती. हलके जेवण प्रकृतीला बरेच.

२१ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०

यशवंतराव बाजारात गेले असता विजयाबाई बाहेर येऊन बसल्या. पदराने हात पुसत राहिल्या. मग सांगितले. कचेरीने पसंतीचा फॉर्म दिला आहे: नागपुरातच राहून मुंबई राज्याची नोकरी, किंवा मध्य प्रदेशची नोकरी आणि भोपाळ. उद्या मुदत संपते. यशवंतरावांचे मन आज इकडे, उद्या तिकडे. बाईंना जायचे नाही. त्या बोरगावच्या. आई तेथे एकटी आणि अंथरुणाला खिळलेली. नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येते.

"भाऊजी, ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. आज जेवताना तुम्ही सांगा न त्यांना, नका जाऊ म्हणून. मी पुडाच्या वड्या करून राहिली."

मी वचन दिले. माझेही मत तेच. यशवंतराव गेले तर नागपुरात माझे उरते काय? महाराजबाग. आणि ते पस्तीस वर्षांचे मित्र आहेत, हेही नोंदवून ठेवतो.

हा वाद नव्हे. हा सल्ला आहे. डॉक्टरांची आज्ञा अबाधित.

त्याच दिवशी. सायंकाळी ५

कार्य उत्तम रीतीने अर्धे झाले.

काशीस असताना गुरुजींनी जो नियम शिकवला तो मी आजवर मोडलेला नाही. आधी पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते म्हणणे, तो मांडणाऱ्यालाही साधणार नाही इतके बळकट करून मांडावे. मग उत्तरपक्षाने ते समूळ पाडावे. दुबळी भिंत पाडण्यात पुरुषार्थ नाही.

त्याप्रमाणे ताटावर बसताच भोपाळची बाजू घेतली. बढती लवकर. नवे क्वार्टर, पुढे व्हरांडा. तलावाची हवा, विजयाबाईंच्या दम्याला मानवणारी. मुंबईच्या यादीत नागपूरचा कारकून कायम तळाशी. यशवंतराव घास हातात धरून ऐकत होते. विजयाबाई मध्येच वडी वाढत होत्या. मी बोलू लागलो की वडी, थांबलो की डोळ्यांनी काही खूण. इतके अगत्य मी पाहिले नाही. मग मी सहावा आणि सातवा मुद्दा दिला, जे यशवंतरावांना सुचलेच नव्हते. सातवा असा: राजधानी गेलेल्या गावात थांबणे म्हणजे मांडव उठल्यावर पंगतीची वाट पाहत बसणे. सातवा मुद्दा माझा मलाच इतका आवडला की दोनदा सांगितला.

एकंदर तेरा वड्या. खसखस-खोबऱ्याचे सारण, बाहेरून खुसखुशीत. डोळे मिटू लागले. उत्तरपक्ष उठल्यावर सांगतो, असे स्पष्ट बजावून आडवा झालो.

आताच उठलो. यशवंतराव रघुनाथरावांकडे गेले आहेत. उद्या सकाळी सांगेन. ताज्या बुद्धीने.

२२ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०

नऊ वाजता जाग आली. झोप गाढ. यशवंतराव साडेआठलाच कचेरीत गेले.

सायंकाळी

फॉर्म दिला. भोपाळ.

यशवंतरावांनी माझे हात धरले. म्हणाले, "महिनाभर झोप नव्हती मला. काल तुम्ही सगळं असं उलगडून सांगितलं नं पंत, एक शंका राहिली नाही." त्यांना सांगितले की ते माझे मत नव्हते, ते पूर्वपक्षाचे होते. ते हसले. विनोद समजले.

माझ्या मांडणीत दोष नाही. श्रोत्याने अर्ध्यावर उठू नये, एवढेच. उठलो मी होतो, परंतु तो वेगळा प्रश्न.

२३ ऑक्टोबर

दोन्ही वेळ खिचडी. तूप नाही. रविवारच्या जड जेवणानंतर पोटाला विश्रांती हवी, हे विजयाबाईंनी न सांगता ओळखले. बोलल्याही नाहीत. माझ्या मौनाचा आदर करीत असाव्यात.

पाटा-वरवंटा पोत्यात शिवला गेला. मी पोत्याचे तोंड धरण्यास पुढे झालो. त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, तुम्ही खूप केलं."

उद्या परततो. आठ दिवसांचे काम पाच दिवसांत झाले.

पांढुर्णा, ३० ऑक्टोबर. दुपारी

यशवंतरावांचे कार्ड. उद्याच्या गाडीने निघतात. दुपारी पांढुर्ण्याला गाडी पाच मिनिटे थांबते.

आपल्या स्टेशनावरून ओळखीचे माणूस जात असेल तर डबा पोचवायचा, ही येथली रीत. सौ. आजपासूनच लागली आहे. यशवंतरावांना आवडतात म्हणून पुडाच्या वड्या.

मीही लागलो आहे. अजून काही बिघडलेले नाही. दिलेला फॉर्म मागे घेता येतो, अर्ज मी लिहून ठेवला आहे, फक्त सही हवी. उत्तरपक्ष चार मिनिटांत बसवला. घड्याळ लावून तीनदा म्हटला. एक मिनिट सहीला.

सौ. म्हणाली, "डबा आधी द्या, मंग बोला." अशा बारीकसारीक सूचनांची मला गरज नसते.

३१ ऑक्टोबर. दुपारी ३

गाडी वेळेवर आली. खिडकीत दोघेही होते. यशवंतरावांचा चेहरा फुललेला. विजयाबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं उरलेलं राहिलं होतं. सांगून टाका आता. गाडी उभी आहे तोवर."

मी सुरुवात केली. नियमाप्रमाणे प्रथम पूर्वपक्षाचा सारांश सांगणे प्राप्त होते. खंडन कशाचे, हे श्रोत्यास कळले पाहिजे. सहाव्या मुद्द्याला शिटी झाली. सातवा चालत चालत सांगितला. यशवंतराव हात हलवीत ओरडले, "पटलं, पंत, पटलं."

विजयाबाई माझ्या हाताकडे पाहत होत्या. तेव्हा मला वाटले, लक्षपूर्वक ऐकत आहेत.

गाडी तिगावकडे वळून दिसेनाशी झाल्यावर लक्षात आले की डबा हातातच आहे. अर्जही.

१ नोव्हेंबर

आजपासून नागपूर दुसऱ्या राज्यात.

रस्त्यात डॉक्टर भेटले. विश्रांती झाली का, विचारले. झाली, म्हणालो. मी पुढे आणखी काही बोलेन म्हणून ते जरा थांबले. मग गेले.

काल घरी आलो तेव्हा सौ.ने डबा पाहिला. आत नेला. वड्या आज गरम करून वाढल्या. जेवताना म्हणाली, "विजयाबाईच्या हातची चव नाही आली."

विचार केला. विधानात दोष सापडला नाही.