बोटाला कळतंय

मावशी,

आज महाळुंग्याहून परतताना कंपनीच्या बसमध्ये माझा डोळा लागला आणि मी थेट चिखलीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, तुमच्या शेजारी पाटावर जाऊन बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण झोपेत तुम्ही गेलेल्या वगैरे नसता. पार्ट उचलता, कडेवरून अंगठा फिरवता, चांगला उजवीकडे आणि खराब डावीकडे टाकता. पत्रा कापणाऱ्या प्रेसचा आवाजसुद्धा नव्हता. नुसती दुपारची पिवळी उन्हं आणि तुमची बोटं.

मी तेव्हा लग्न होऊन नुकती आलेली, कामात अगदी ढ. पत्र्याच्या कडेला राहिलेली बारीक धार मला काही केल्या दिसायची नाही. तुम्ही म्हणालात, "बघायलीस काय नुस्ती? हात लाव. बोटाला कळतंय." माझा अंगठा धरून कडेवरून फिरवलात आणि ती लागली, भातातल्या खड्यासारखी. पुढं माझं पोट त्याच अंगठ्यावर चाललं. तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही ही वाट शोधलीय, हे कुणाला ठाऊक होतं? तुम्ही भिंतीला हात लावत कामावर यायचात. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

मग ती खंडेनवमी. मशिनी धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. रांगोळीला जागा हवी म्हणून मी तुमचे दोन्ही क्रेट हलवले, चांगल्या मालाचा निळा आणि रिजेक्शनचा लाल. परत ठेवताना अदलाबदल झाली. दसरा उरकून तुम्ही आलात आणि दिवसभर खराब माल डावीकडे टाकत राहिलात. डावीकडे निळा होता. माल गेला, आणि तिसऱ्या दिवशी सगळाच्या सगळा परत आला.

शेठ तापलेले. "मावशी, लाल रंग दिसत नाही का तुम्हाला?" वय झालं, चुकलं, एवढं म्हणाला असतात तरी निभावलं असतं. तुम्ही पदराला हात पुसता आणि सांगता, "न्हाई दिसत, शेठ. दोन वर्सं झाली. पण क्रेट जागेवर ऱ्हाऊ द्या. मग एक पार्ट जरी चुकला तर घरी घालवा." शेठ कुणाला तरी म्हणाले, "लाल क्रेटला सुतळी बांध रे." त्या सुतळीवर तुम्ही पुढची चार वर्षं काम केलंत. संध्याकाळी मी रडत रडत सांगितलं, क्रेट मी हलवले होते. तुम्ही म्हणालात, "व्हय. पर रांगोळी कशी आल्ती, ते तर सांग." मी एकेक रंग सांगत गेले आणि तुम्ही मान हलवत ऐकत होतात.

आता माझं ऐका. इतकी वर्षं प्रेसशेजारी काढून माझे कान गेलेत. कंपनीत दरवर्षी तपासतात. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. गेली तीन वर्षं मी ऐकतच नाही. काचेपलीकडच्या मुलीचा हात बघते. तिनं कळ दाबली की मी बटण दाबते. पहिल्या नंबरानं पास. खरं कळलं तर लाइनवरून काढतील, आणि घरात कमावणारी मी एकटी. पण परवा मागून फोर्कलिफ्ट हॉर्न देत आली आणि मला ऐकूच आली नाही. एका भाऊंनी दंड धरून ओढलं, म्हणून आज हे लिहिते आहे.

आज पुन्हा तपासणी होती. तुमची आठवण काढली आणि डोळे मिटून बसले. आत इतकं शांत होतं, की कुणी सुरुवात केलीय की नाही तेही कळेना. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "ताई, गेल्या वर्षी तर उत्तम होतं?"

"गेल्या वर्षी मी बघत होते," मी म्हणाले.

सोमवारी ऑफिसात बोलावलंय. तुमचे उपकार आहेत मावशी, तुमच्यामुळे तोंडातून खरं निघालं. आणि हे पत्र कुठं टाकायचंच नाहीये, म्हणून आणखी एक सांगून टाकते. डाव्या कानाच्या वेळी मी एकदा डोळे किलकिले केले होते.