सव्वीस किलोंबाबत एनिड ट्रेलोरचे शेवटचे म्हणणे

मी, एनिड मार्गरेट ट्रेलोर, कै. रॉस ट्रेलोर यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार नॅरोमाईन, न्यू साऊथ वेल्स, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. मी रागात आहे. रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी बहीण डॉरीन हिला द्यावी. विमानाबद्दल तिने मला कधी अक्कल शिकवली नाही.

२. शेडमधले दोन आसनी विमान मी स्वतःच्या हातांनी बांधले. प्रत्येक पट्टी तोलून बसवली. पातळ पत्रा पुरे होता तिथे जाड लावला नाही. जाड हवा होता तिथे हात आखडला नाही. विमान क्लबातले लोक मला ‘चिंगूस एनिड’ म्हणत.

मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सिडनीला गेले असता धाकटा दीर क्लाइव्ह याने मला खूश करायला म्हणून चामड्याच्या गाद्या, गालिचा, मागे लाकडी सामानपेटी आणि रंगाचे आणखी दोन हात चढवले. परत येऊन वजन केले, तर सव्वीस किलो जास्त, त्यातही बराच भार शेपटीकडे.

“हे काढल्याशिवाय उडवायचं नाही,” मी बजावले.

“अगं, सव्वीस किलो म्हणजे धड एक मेंढरूसुद्धा नाही!”

मी व्यायामोपचाराला गेले तशी त्याने रॉसला शेजारी बसवून भर उन्हात विमान काढले. तापलेल्या विरळ हवेत ते जमीन सोडेना. सोडली तेव्हा नाक वर आणि वेग नाही. कुंपणात आपटले. क्लाइव्हला खरचटले. रॉसचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

क्लाइव्हने क्लबात सांगितले, “एनिडचा पत्राच पातळ!” साऱ्यांनी माना डोलावल्या. रॉस म्हणे, “जाऊ दे गं, भाऊ आहे माझा.” रॉस होता तोवर मी जाऊ दिले. आता देणार नाही. त्याच पत्र्यावर मी विमान पुन्हा उभे केले, आणि ते आजही उडते.

३. हे विमान क्लाइव्हची मुलगी टेसा हिला द्यावे. दुरुस्तीनंतर बाकीच्यांनी रंग कोणता देणार ते विचारले. तिने एकटीने विचारले, “काकू, आता वजन किती भरलं?”

४. गाद्या, गालिचा व पेटी क्लाइव्हला द्यावी. कलम दोन क्लबात, तो हजर असताना, मोठ्याने वाचावे.

५. पुढे कधी क्लाइव्हला त्या विमानात बसावेसे वाटले तर माझी मनाई नाही. मात्र आधी त्याला बुटांसकट काट्यावर उभे करावे, आणि आकडा त्याने स्वतः सर्वांना ऐकू जाईल असा सांगावा.

सही: एनिड एम. ट्रेलोर

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार: प्रुडन्स हॅलम, वकील
साक्षीदार: डेस्मंड क्विर्क, शेजारी

नॅरोमाईन, ११ मार्च २०१९