थांबून गेलेला इलेक्ट्रॉन

मेहरूण, जळगाव
६ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांना दिपमालाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे?

इकडे मी मजेत. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा शुक्रवारी पार पडली. दोंडाईच्याला तुमच्या ओसरीवर बसून मी इलेक्ट्रॉनची आकडेमोड करायचे, आठवतं? बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन रेणूत क्षणभर अडकतो नि निघून जातो, एवढंच मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "येस आन चालना जास, त्याना कसाना अभ्यास?" नेमकं तेच बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, जरा सभ्य भाषेत. तो थांबला होता हे कशावरून?

मी सांगितलं, मागे राहिलेल्या रेणूवरून. इलेक्ट्रॉन नुसता बाजूने गेला असता, तर रेणू फारसा हलला नसता. थांबून गेला, म्हणून रेणू नंतरही थरथरत राहतो. काही रेणू अशाने तुटतात. मी अभ्यासलेला, हवेतला नायट्रोजन तुटत नाही. तुटत नाही, हे मी दोनदा म्हटलं. त्यांना वाटलं पोरगी घाबरली, पाणी दिलं.

खरं सांगू का अक्का, मला तेव्हा तुमचं घर दिसत होतं. तुमच्या थोरल्याचं, ज्ञानेश्वरचं नि माझं जमलं नाही, कोर्टात सह्या करून दोघंही मोकळे झालो. त्यात कुणाचा दोष नव्हता. पण मी सामान घेऊन निघाले त्या दिवशी तुम्ही दाराशी आला नाहीत. तेव्हापासून एकच भीती, की माझ्या जाण्याने ते घर मोडलं. ज्ञानेश्वरचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं, तरी ती भीती गेली नाही. फोन करायचा धीर होत नव्हता.

आणि काल तुमचा धाकटा स्वप्नील दारात उभा, हातात स्टीलचा डबा. आत कानबाई देवीच्या नैवेद्याचा, गव्हाचा रोट. मी झाकण परत लावलं. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. म्हटलं, चुकून आला असेल.

स्वप्नील म्हणाला, "आईने निरोप दिलाय, 'हाऊ तुना वाटाना शे. खाई ले.'" दळणासाठी घरातल्या एकेकाच्या नावाने गव्हाची मूठ काढताना तुम्ही माझीही काढलीत म्हणे. आणि नव्या सूनबाई रूपा हसून म्हणाल्या, मग पीठ जरा जास्त मळते.

म्हणजे रोट उरलासुरला नव्हता, आधीपासून माझ्याच वाट्याचा होता. दुधात कुस्करून खाल्ला. रडले, पण फार हलकं वाटलं अक्का.

डबा स्वप्नीलकडे दिला नाही. तुम्हाला रिकामा डबा परत आलेला चालत नाही. भरून मीच घेऊन येते. कधी येऊ, ते रूपाला विचारून कळवा.

काही काळ तुमच्या घरी राहिलेली, आणि अजून कानबाईच्या गव्हात मोजलेली,
दिपमाला