आजी इतकं बोलली!

वेस्ट विंडसर, मंगळवार संध्याकाळ

माझ्या वकील लेकीचा, मीराचा, कोर्टातून फोन आला. आश्रय मागणाऱ्या तिच्या नेपाळी अशिलाला परत पाठवलं तर जिवाला धोका आहे. आज ती बाई रडत बरंच बोलली. दुभाष्याने एका वाक्यात उरकलं. मीराला नेपाळी येत नाही, तरी उभी राहिली! "ती इतकं बोलली, आपण एवढंच ऐकलं?" मग न्यायाधीशांनी सगळं पुन्हा, वाक्यावाक्याने ऐकलं.

सासूबाईंचं मराठी बोलणं मीही इथल्या डॉक्टरांना कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सांगताना असंच उरकायचे. छोटी मीरा माझी बाही ओढायची, "आई, यू स्किप्ड! आजी इतकं बोलली!" किती चिडायचे मी तेव्हा. आणि आज?

निकाल अजून नाही. पण बाईचं ऐकलं तरी गेलं.

"घरी ये, सगळं सांग," मी म्हटलं.

"आई, इट्स लाँग."

"असू दे. काही गाळू नकोस."