उत्तरेला जाऊन पश्चिमेला

प्रिय वार्ती,

ही चिठ्ठी नदीकाठची बू सार्मी घेऊन येईल. तिने वाटेत उघडून वाचली असेल तर नवल करू नकोस. आणि सार्मी, तू वाचतच असशील तर शेवटपर्यंत वाच, त्यात तूही आहेस. अक्षर वाईट आहे हे मला ठाऊक आहे. मी तिसरीत असताना शाळेचं छप्पर वाऱ्याने उडालं आणि ते परत बसेपर्यंत माझं लग्न झालं होतं. तेव्हा जेवढं येतं तेवढ्यावर भागवून घे. आधी फोनच केला होता. वाजतो, वाजतो आणि गप्प होतो. तू तिकडे हातात धरून बसलेली असतेस आणि उचलत नाहीस, हे मला कळतं. मी म्हातारी आहे, खुळी नाही.

तुला सातवा महिना लागला असं सार्मीने सांगितलं. पोटुशीचं न्हाणं कुणाच्या अंगणात घालायचं यावर म्हणे बोलणी चालली आहेत. तुझ्या सासूला तिच्या दारात हवं, सार्मीला स्वतःच्या दारात. माझ्या दाराचं नाव कुणी काढत नाही. बरोबरच आहे, मी तुझी कोण? सगळं गाव मला म्बाह म्हणजे आजी म्हणतं, पण त्यातली नात म्हणून तू एकच होतीस आणि तुला तर मीच झाडून बाहेर टाकलं. त्या न्हाणाबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी गावाच्या बातम्या घे, नाहीतर म्हणशील म्हातारीने पहिल्या ओळीपासून भांडण काढलं.

सुंबरवारू आहे तिथेच आहे. टेकडी अजून उघडी पडलेली, सागाने सगळी पानं टाकली आहेत, चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. झऱ्याला करंगळीएवढी धार आहे. बायका कळशा रांगेत लावून ठेवतात आणि स्वतः सावलीत बसून एकमेकींच्या सुनांची धुणी धुतात. छपराछपरावर साबुकंदाच्या चकत्या वाळत घातल्या आहेत, लांबून बघितलं की गावावर कुणी चुना शिंपडलाय असं वाटतं. मी या वर्षी थोड्याच घातल्या. दळून, वाफवून एकटीने किती खायचं? लवंगा बऱ्या आल्या होत्या. पण झाडावर चढायला माणूस नाही. सगळे तैवानला, मलेशियाला. वरच्या आळीत आणखी दोन घरं नवी झाली, पुढच्या भिंतीला चकचकीत फरश्या, दाराला सोनेरी रंग आणि कडीला कुलूप. आत पाली राहतात. रस्त्याने जाताना मी त्या पालींना सलाम करते. दुसरं आहे कोण जबाब द्यायला?

दर पाच दिवसांनी येणाऱ्या पोन वाराचा बाजार अजून त्याच झाडाखाली भरतो. शेळ्यांपेक्षा शेळ्या बघायला येणारे म्हातारेच जास्त. पाक दिर्जो तिथेच चटईवर बसलेला असतो, दिवस-वार मोजून द्यायला. हल्ली त्याला समोरचं दिसत नाही, पण कुणाचं काय वाईट होणार आहे ते बरोबर दिसतं.

तुझ्या वेळेला त्याने कसं मोजलं होतं ते तुला आठवत असेल. प्रायित्नोच्या घरचे सुपारी घेऊन आले, पोरगा चांगला, पाण्याच्या टँकरवर कायमची नोकरी, दात पण सगळे जागेवर. दिर्जोने दोघांचे जन्मवार मांडले, जुळले. मग त्याने विचारलं, “पोराचं घर कुठे?” तेगालवांगी म्हटल्यावर त्याने काडीने मातीत रेघ ओढली. आमच्या दारातून निघायचं, आधी उत्तरेला जायचं, मग पश्चिमेला वळायचं. काडी तिथेच थांबली. म्हणाला, “म्बाह, ही वाट लग्नाची नाही. उत्तरेला जाऊन पश्चिमेला वळणारी नवरी आपल्या माहेरच्या घरातलं मोठं माणूस घेऊन जाते.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात मोठं माणूस म्हणून दुसरं होतंच कोण? तुझा आजोबा आधीच गेला होता, तुझी आई मलेशियाला गेली ती तिकडचीच झाली.

तू त्या दिवसापासून जेवण टाकलंस. मला वाटलं पोरासाठी झुरतेस. मग कळलं की पोराला तूच नकार कळवून मोकळी झाली होतीस. “म्बाहचं काही झालं तर तो नवरा घेऊन मी काय करू?” असं सार्मीजवळ म्हणालीस. मला नाही म्हणालीस. मला म्हणाली असतीस तर एक ठेवून दिली असती.

म्हणून मी तुला टाकायचं ठरवलं. आजारी बाळाला उकिरड्यावर टाकतात आणि दुसरी बाई ते आपलं म्हणून उचलते, आईबापाच्या वळणावर फार गेलेल्या बाळाला टाकतात, तर लग्नाच्या पोरीला का नाही? तू माझी नाहीस म्हटल्यावर वाट माझ्या दारातून निघतच नाही. सार्मीचं घर खाली नदीकाठी, तिथून तेगालवांगी सरळ उत्तरेला, कुठे वळायलाच नको. दिर्जोने मान हलवली. म्हणाला, “पण टाकायचं ते खरं वाटलं पाहिजे. खोटं टाकलं तर कळतं.” कुणाला कळतं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खरं वाटायला हवं होतं म्हणून मी खरं बोलले, एवढंच. सकाळी उन्हं नुकती आली होती, शेजारपाजारच्या बायका कुंपणाला टेकून मजा बघत होत्या. स्वयंपाकघरामागच्या उकिरड्यावर जुनं सूप ठेवलं, त्यात तुला बसवलं, खराटा घेतला आणि सुरू झाले. घरातला तांदूळ तूच संपवलास, असं म्हटलं. तुझ्यामुळे मला एक दिवस सुखाची झोप नाही, असं म्हटलं. बायका खो खो हसत होत्या. बू पायेम तर ओरडली, “म्बाह, माझ्या नवऱ्यालाही दोन शब्द ऐकवा, मी त्याला पण सुपात बसवून आणते!” मग मी म्हटलं, तुझी आई गेली तशी तूही जा, मागे वळून बघू नकोस, मला दोघींचंही तोंड नको. हसणं थांबलं. मला कळलं थांबलेलं. पण हातात खराटा होता आणि काम अर्धं झालं होतं.

मग सार्मी ठरल्यासारखी आली, “अगंबाई, ही कुणाची पोर उकिरड्यावर?” म्हणाली, तुझा हात धरला आणि घेऊन गेली. टाकलेल्याने मागे बघायचं नसतं. तू बघितलं नाहीस. बघायचं नव्हतंच म्हणा. पण तू फणसाच्या वळणाला पोचेपर्यंत मी उभी होते, वाटत होतं तू चुकशील. लहानपणी प्रत्येक गोष्ट चुकायचीस, नेमकी हीच चुकली नाहीस.

लग्नाला मी शेजारीण म्हणून आले. दोन नारळ आणि पायलीभर तांदूळ आणले, मागच्या दाराने आत गेले, बायकांत बसले. मला सोयाबीनच्या वड्या तळायला दिल्या. सार्मी भाड्याची हिरवी चोळी घालून आईच्या खुर्चीत बसली होती, खोटा अंबाडा एका बाजूला कलला होता, घामाने तोंडाची रंगरंगोटी मानेवर उतरली होती. तू आशीर्वादासाठी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलंस तेव्हा मी खिडकीतून बघितलं. डोळ्यात धूर गेला. ओली लाकडं घालणाऱ्या त्या पायेमला मी चांगलं झापलंही. दुसरं काही समजू नकोस.

मला वाटलं होतं, लग्न झालं की संपलं. ईदला येशील, पाया पडशील, मी म्हणेन अंगाने भरलीस, तू म्हणशील म्बाह तुम्ही वाळलात. केळ्यांच्या वड्या केल्या होत्या. तू सार्मीकडे आलीस, दोन दिवस राहिलीस, गेलीस. वड्या मी शेळीला घातल्या, तिलाही फारशा आवडल्या नाहीत. लवंगेच्या झाडापाशी उभं राहिलं की दरीपलीकडे तेगालवांगीची छपरं दिसतात. प्रायित्नोने नवे पत्रे घातलेत ना? दुपारी चमकतात. तुझ्या चुलीचा धूर कुठला आणि सासूचा कुठला हे आता मला कळतं. तू चूल उशिरा पेटवतेस. ती सवय इथेही होती.

वर्षभर मला वाटत होतं की माझे ते शब्द तुला लागले. मनात म्हटलं, लागले तर लागले, लागायलाच हवे होते, नाहीतर टाकणं खोटं ठरलं असतं. मी माफीबिफी मागणार नाही. ते काम मला जमत नाही, तुझ्या आजोबाला विचारून बघ. पण गेल्या बाजाराला सार्मी मिरच्या निवडता निवडता बोलून गेली. म्हणाली, “म्बाह, वार्ती प्रत्येक फोनला विचारते, लवंगेच्या झाडाजवळच्या म्हातारीबाई अजून चालतात ना? जेवतात ना? आणि तुमचं नाव घेऊ देत नाही. म्हणते, नाव घेतलं की नातं लागतं, नातं लागलं की वाट परत त्याच दारातून निघते.”

म्हणजे तू रागावलेलीच नाहीस. तू मला जिवंत ठेवते आहेस! दरीपलीकडे बसून, फोन न उचलून, सगळी वर्षं मला एकटीला जगवायला निघाली आहेस. अगं गाढवे, एवढं जगून मी काय लोणचं घालू? संध्याकाळी मगरिबची बांग झाली की दार लावते, मग बोलायला कोण? शेळीशी बोलते. ती मधेच उठून जाते. ताट एक, पाट एक. परवा चुकून दोघींचा भात शिजवला आणि मग माझ्यावरच चिडून सगळा खाल्ला. रात्रभर पोट दुखलं. हे असलं आयुष्य तू जपते आहेस.

म्हणून मी दिर्जोकडे गेले. म्हटलं, टाकलेली पोर परत विकत घेता येते ना? म्हणाला, “येते. बाळाला घेतातच. पण म्बाह, पोर परत आली की वाटही परत आली. उत्तरेला आणि मग पश्चिमेला. मी सांगितलं नाही असं म्हणू नका.” मी म्हटलं, पाक दिर्जो, माझं वय बघा. माझे गुडघे, माझा खोकला, या उन्हाळ्यात झऱ्यावर दोनदा पडले ते बघा. मी उद्या गेले तर वाटेमुळे गेले की वयामुळे गेले हे तुम्ही कसं ओळखणार? तो बराच वेळ काडीने माती उकरत बसला. मग म्हणाला, “ते नाही ओळखता यायचं.” मी म्हटलं, मग झालं तर.

काल सकाळी तेच सूप, तोच खराटा आणि माझी लाल कोंबडी, अंड्यावरची, असं घेऊन सार्मीच्या दारात गेले. म्हटलं, तुझ्याकडे उकिरड्यावर सापडलेली एक पोर आहे, ती मला विकत हवी आहे. ती आधी हसली, मग खाली बसली आणि रडायला लागली. तिचे दोघे मुलगे कालिमंतानला खाणीत, तुला माहीतच आहे. त्यांनी कधी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं नाही. म्हणाली, “नाही विकत. म्बाह, तुम्हाला काही झालं तर ती मला आयुष्यभर बोल लावील.” मी म्हटलं, लावणार नाही, मी लिहून देते. तेच हे लिहिते आहे. बराच घोळ घातला तिने. शेवटी सूप घेतलं, खराटा घेतला, कोंबडी परत केली आणि म्हणाली, “ईदचा दुसरा दिवस माझा.” मी हो म्हटलं. तिला तेवढा द्यायलाच हवा, वार्ती.

तेव्हा आता ऐक, यासाठीच एवढं लिहिलं. तू परत माझी झालीस, साऱ्या आळीसमोर, बू पायेमच्या साक्षीने. पुढे काही झालंच तर ते मी कोंबडी हातात धरून, पूर्ण शुद्धीत मागून घेतलेलं आहे, तुझा त्यात काडीचा संबंध नाही. प्रायित्नोला हे वाचून दाखव. न्हाणं माझ्या अंगणात होईल. सात ठिकाणचं पाणी लागतं. आपल्या झऱ्याचं भरून ठेवलं आहे, मशिदीच्या हौदाचं, सार्मीच्या विहिरीचं, नदीचं, वरच्या दोन टाक्यांचंही. सातवं तुझ्या सासरच्या विहिरीचं, ते तू आण, कळशी सासूला घेऊ दे, तू उचलू नकोस. कोवळं शहाळं बघून ठेवलंय. वरून ये, पश्चिमेकडून पूर्वेला आणि मग दक्षिणेला, जशी वाट आहे तशी, लपतछपत नको. आणि संध्याकाळी परत जायला निघशील तेव्हा फणसाच्या वळणावर थांबून एकदा मागे वळून बघ. आता चालतं.

तुझीच, पैसे न मोजता तुला परत घेणारी,
म्बाह