बगळापरी उडून गेली होती?

आई,

ब्राउनश्वाइगहून निशीचा तुला नमस्कार. मी बरी आहे. शाळा सोडली तरी घरी बसून नाही, रोज बेकरीत जाते. आतल्या खोलीत पाव पिशव्यांत भरायचे असतात, कुणाशी जर्मन बोलावं लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या चिनी बगळापरीच्या सिनेमाचा दुसरा भाग आला, अकरा वर्षांनी. रविवारी बाबांनी नेलं. पण त्यात नूडलवाला म्हातारा झालाय आणि एकटाच परीची वाट बघतोय. त्यांचं तर लग्न झालं होतं ना? सगळे हसत होते, मला काहीच कळेना.

बाबा म्हणाले, "अगं, पहिल्यातच ती उडून जाते. तू रडशील म्हणून आई लग्न लागलं की सीडी बंद करायची. संपला, चला जेवायला, म्हणायची."

गेल्या दिवाळीपासून तू फोनवर म्हणतेस, "व्हिसा होतोच आहे, आले बघ." आणि लगेच विचारतेस, "जेवलीस का?" बाबांना विचारलं तर म्हणतात, "आईलाच विचार."

आई, तू येणार आहेस ना? नसशील तर तसं लिही. मी आता सतरा वर्षांची आहे. शेवटपर्यंत बघू शकते.

तुझीच,
निशी